पोटात किती गेलं? साथीच्या काळात दवाखान्यातल्या रुग्णाचं जेवण

दवाखान्यात भरती असलेल्या माणसाचं जेवण हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे, हे कुणीही मान्य करतं. पण साथ आली, वॉर्ड भरले, की सगळ्यात आधी हेच हातातून निसटतं. औषध किती वाजता दिलं, ऑक्सिजन किती लिटरवर आहे, शुगर किती आली, हे सगळं केसपेपरवर असतं. रुग्णाच्या पोटात आज किती अन्न गेलं, हे मात्र बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं.

एरवी सोलापुरात ही उणीव नातेवाईक भरून काढतात. सिव्हिलमध्ये म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जा, नाहीतर कुठल्याही खासगी दवाखान्यात. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून आलेली माणसं कॉटशेजारी बसलेली दिसतील. घरून भाकरी, वरण, मऊ भात आलेला असतो. सून सासूला उठवून बसवते, उशी पाठीशी लावते, भाकरी वरणात कुस्करते, दोन घास झाले की पाणी देते आणि 'अजून एक, एवढाच' म्हणत अर्धी वाटी संपवते. हे काम कुणाच्या ड्युटीत लिहिलेलं नाही, त्याचा पगार कुणाला मिळत नाही, आणि रुग्ण बरा होण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

एप्रिल २०२० मध्ये सोलापुरात कोरोनाचे रुग्ण सापडू लागले आणि हे बंद झालं. नातेवाईकांना आत सोडणं शक्य नव्हतं, ते योग्यही नव्हतं. पीपीई किट घातलेल्या सिस्टरला एकेका फेरीत शक्य तेवढं काम उरकून बाहेर यायचं असायचं. जेवण पॅकबंद यायचं, कॉटजवळच्या टेबलावर ठेवलं जायचं आणि पुढच्या वेळी उचललं जायचं. त्यातलं किती खाल्लं गेलं, हे बघायला वेळ आणि माणूस दोन्ही कमी होते. ज्याला धाप लागली आहे, हाताला सलाईन आहे, तोंडाला चव नाही आणि शेजारी आपलं माणूस नाही, तो त्या पाकिटाची दोरी तरी कशी सोडणार?

साथ पुन्हा कधीतरी येईल. ती कोरोनाची असेल किंवा दुसऱ्या कशाची. त्या वेळी हे आधीपासून माहीत असलेलं बरं, म्हणून हा लेख.

आधी शरीरात काय होतं ते बघू. धडधाकट माणूस दोन दिवस उपाशी राहिला, उदाहरणार्थ कडक उपवास केला, तर शरीर जपून खर्च करतं. ते हळूहळू चरबी वापरायला लागतं आणि स्नायू शक्य तेवढे वाचवतं. गंभीर संसर्गात हा काटकसरीचा नियम मोडतो. शरीरभर दाह पेटलेला असतो. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. रोगाशी लढणाऱ्या पेशी आणि प्रथिनं तयार करायला कच्चा माल लागतो, आणि तो शरीर स्वतःचे स्नायू तोडून मिळवतं. मांडी, दंड, खांदे हे दिसणारे स्नायू त्यात जातातच, पण श्वास घ्यायला लागणारा पोटाच्या वरचा पडदा हाही एक स्नायूच आहे. तो अशक्त झाला की श्वास आणखी जड होतो, खोकून कफ बाहेर काढण्याचं बळ राहत नाही, आणि व्हेंटिलेटरवरचा रुग्ण मशीनवरून सुटायला जास्त दिवस लागतात.

ही झीज किती वेगाने होते? इंग्लंडमध्ये आयसीयूतल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दहा दिवसांत त्या स्नायूचा आकार सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटला होता. रुग्ण घरी आल्यावर जिना का चढू शकत नाही, संडासातून उठायला आधार का मागतो, याचं उत्तर त्या दहा दिवसांत आहे.

सोलापूर ज्या मुंबई इलाख्यात होतं, तिथे १९१८ च्या फ्लूने फार मोठी प्राणहानी केली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता आणि धान्य महाग झालं होतं. साथ आणि उपासमार एकमेकींचा हात धरून येतात, हे आपल्या भागाने फार पूर्वी भोगलेलं आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यंत्रमागाचा खडखडाट थांबला, विड्या वळण्याचं काम बंद पडलं, आणि आठवड्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घरांत आधी दूध कमी झालं, मग डाळ पातळ झाली. अशा घरातला माणूस दवाखान्यात पोचतो तेव्हा त्याची शिल्लक आधीच संपत आलेली असते. म्हणून भरतीच्या दिवशीच विचारायला हवं: आठवडाभर जेवण कसं होतं? तीन महिन्यांत वजन उतरलं का?

ही चौकशी करायची ठरलेली पद्धत आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या तपासणीत मुद्दे मोजकेच असतात. उंचीच्या मानाने वजन कमी आहे का, अलीकडे वजन घटलंय का, गेल्या आठवड्यात खाणं कमी झालंय का, आणि आजार किती गंभीर आहे. त्यासाठी दोन-तीन मिनिटं पुरतात आणि साथीत ती फोनवरूनही करता येते. रुग्ण उभा राहू शकत नसेल, वजनकाटा आत नेता येत नसेल, तर दंडाचा घेर टेपने मोजतात. मोठ्या माणसाच्या दंडाचा घेर साडेतेवीस सेंटिमीटरहून कमी असेल, तर वजन कमी असण्याची दाट शक्यता धरावी. टेपही नसेल तर घरच्यांना विचारा. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का, ब्लाऊज ढगळ झालाय का, पॅन्टचा पट्टा किती भोकं आत गेला? लेकीला आणि सुनेला हे बरोबर माहीत असतं. लठ्ठ माणसाच्या बाबतीत फसगत होते. पोट सुटलेलं असलं तरी आतले स्नायू झिजत असतात, आणि 'याला काय कमी आहे' म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही.

आता सलाईनविषयी. हा समज इतका घट्ट बसलेला आहे की तो आकड्यांनीच मोडावा लागतो. 'सलाईन चालू आहे, म्हणजे पोटाचं झालं' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असतं, ऊर्जा शून्य. ग्लुकोजचं म्हणतात त्या पाच टक्क्यांच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तिच्यातून जेमतेम ८५ कॅलरी मिळतात आणि प्रथिनं अजिबात नाहीत. साठ ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत साधारण २०० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे दोन बाटल्या चढवूनही एका भाकरीची बरोबरी होत नाही. सलाईन शरीरातलं पाणी आणि क्षार सांभाळतं, औषध द्यायला वाट देतं. जेवणाचं काम ते करत नाही. शिरेतून पूर्ण पोषण देणाऱ्या खास पिशव्या वेगळ्या असतात. आतडं काम करत नसेल तेव्हाच त्या वापरतात, त्या महाग असतात आणि त्यांत संसर्गाचा धोका असतो.

मग रुग्णाला लागतं तरी किती? एक उदाहरण घेऊ. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या घरातल्या आजी समजा. वय पासष्ट, वजन पन्नास किलो, जन्मभर विड्या वळलेल्या, आता न्यूमोनिया होऊन वॉर्डात. युरोपातल्या वैद्यकीय पोषणतज्ज्ञांच्या एस्पेन या संस्थेने २०२० मध्ये कोरोना रुग्णांसाठी मार्गदर्शन दिलं. त्यानुसार अशा रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण २७ ते ३० कॅलरी आणि निदान एक ग्रॅम प्रथिनं लागतात. आजारपणात आणि उतारवयात प्रथिनांची गरज आणखी थोडी वर जाते. म्हणजे आजींना दिवसाला १३५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ६५ ग्रॅम प्रथिनं हवीत.

दवाखान्याच्या आहारतक्त्यात हे सगळं बसलेलं असतं. सकाळी उपमा नि दूध, दुपारी दोन पोळ्या, भात, वरण, भाजी, संध्याकाळी चहा, रात्री पुन्हा जेवण, शिवाय केळं किंवा अंडं. कागदावर हिशेब चोख आहे. प्रत्यक्षात आजींनी काय खाल्लं? सकाळी अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं. दुपारी वाटीभर भात आणि त्यावर अर्धी वाटी वरण. संध्याकाळी चहा, अर्धं केळं. रात्री तांदळाची पेज. बेरीज केली तर पावणेपाचशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं फार तर अकरा ग्रॅम. ऊर्जा गरजेच्या एक तृतीयांश, प्रथिनं पाचवा हिस्सा. सिस्टरनी विचारलं, "आजी, जेवलात का?" तर आजी म्हणणार, "व्हय, जेवले की." त्या खोटं बोलत नाहीत. त्यांच्या मते त्या जेवल्या आहेत, आणि सिस्टरना त्रास द्यायचा नाही हेही त्यांच्या मनात असतंच.

असे सात दिवस गेले तर काय उरेल, याचा विचार करा.

म्हणून प्रश्न बदलायला हवा आणि उत्तर लिहायला हवं. ताट उचलताना बघायचं: पूर्ण संपलं, पाऊण, अर्धं, पाव, की तसंच? केसपेपरवर त्याची एक खूण करायची. हे काम जेवण वाटणाऱ्या मावशी किंवा मामाही करू शकतात, त्यासाठी डॉक्टर लागत नाही. लागोपाठ दोन-तीन दिवस ताट निम्म्यावर येत असेल, तर ती धोक्याची सूचना धरून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्यापर्यंत पोचवायची. साथीच्या गर्दीत करायची एकच गोष्ट निवडायला सांगितली, तर मी ही निवडेन.

जेवण सुधारायचं म्हणजे ताट मोठं करायचं, असं नाही. धाप लागलेला माणूस मोठं ताट बघूनच डोळे मिटतो. तेवढ्याच घासांत जास्त ताकद भरायची. आजींच्या त्याच दिवसात काय घालता येईल बघा. दोनदा दीडशे मिली दूध, प्रत्येक वेळी त्यात दोन चमचे दुधाची पावडर कालवून: तीनशे कॅलरी, वीस ग्रॅम प्रथिनं. दोन उकडलेली अंडी: दीडशे कॅलरी, तेरा ग्रॅम. वाटीभर दह्यात दोन चमचे शेंगा चटणी: दीडशेहून थोड्या जास्त कॅलरी, आठ ग्रॅम. वरण पातळ न करता घट्ट, एक वाटी जास्तीचं: शंभर कॅलरी, सहा ग्रॅम. भातावर दोन वेळा चमचाभर तूप: नव्वद कॅलरी. आधीचं धरून बेरीज पावणेतेराशेवर जाते आणि प्रथिनं अठ्ठावन्न ग्रॅमच्या आसपास. अंडं चालत नसेल, आणि आपल्याकडे लिंगायत, जैन घरांत ते चालत नाहीच, तर पन्नास ग्रॅम पनीरमधून नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. कुळीथ, ज्याला आपण हुलगे म्हणतो, त्याचं माडगंही चांगलं. फक्त ते नेहमीपेक्षा घट्ट ठेवायचं.

शेंगा चटणीचं थोडं सांगतो, कारण ती आपल्या हाताशी आहे. कोरोनात वास आणि चव गेली की जेवण मातीसारखं लागतं. अशा जिभेला तिखट, आंबट, खारट यांची थोडी जाणीव उरलेली असते. सोलापुरी शेंगा चटणीत लसूण आणि लाल तिखट आहे, शेंगदाण्याचं तेल आणि प्रथिनंही आहेत. म्हणजे रुची आणि ताकद एकाच चमच्यात. पण ती कोरडी, भरड खाल्ली तर धाप लागलेल्या माणसाला ठसका लागू शकतो. मिक्सरमधून अगदी बारीक करून दह्यात पूर्ण कालवून द्यायची. रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलं असेल, तर घरी बिनमिठाची किंवा कमी मिठाची करायची. कडक भाकरी कितीही आवडती असली तरी त्या काळात नको. ताजी, मऊ भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून चालेल.

डाळिंबाचा रस लोक आवर्जून आणतात. आपल्या जिल्ह्याचं डाळिंब, भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्यामुळे विश्वास जास्त. द्या, हरकत नाही, तोंडाला बरं वाटतं. पण त्यात मुख्यतः पाणी आणि साखर असते. नारळपाण्याचंही तसंच. रस, शहाळं आणि पेज यांनी पोट भरतं, भूक मरते आणि स्नायूंना काहीच मिळत नाही. ही तिन्ही पातळ पदार्थ जेवणानंतर, जेवणाच्या जागी नकोत. किडनीचा त्रास असलेल्याला शहाळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

ऑक्सिजनवरच्या रुग्णाचं जेवण हा सगळ्यात अवघड भाग, आणि इथेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला निदान नळीतून मोजून अन्न मिळतं. मास्कवरचा रुग्ण शुद्धीत असतो, तोंड मोकळं असतं, त्यामुळे 'तो खातोय' असं सगळे धरून चालतात. पण मास्क काढला की ऑक्सिजनची पातळी घसरते. चावणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तिन्ही कामं एकाच वाटेवर येतात. चार घासांनंतर तो थकून मास्क परत लावतो आणि ताट बाजूला सारतो. यावर उपाय आहेत. डॉक्टरांच्या परवानगीने जेवणापुरता मास्कऐवजी नाकातल्या बारीक नळीतून ऑक्सिजन देता येतो. तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन तासांनी वाटीभर द्यायचं. चावायला कमी लागेल असं द्यायचं: मऊ भात-वरण, शिरा, दूध-पोहे, अंड्याची भुर्जी, दही. पलंगाचं डोकं उंच करून, शक्य असेल तर पूर्ण बसवून भरवायचं, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा, घट्ट मास्क असेल तर मात्र स्वतःच्या मनाने काहीही भरवू नये. दाबाची हवा पोटात जाते, उलटी झाली तर ती फुप्फुसात उतरू शकते. तिथे काय नि कसं द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. तोंडाने गरजेच्या निम्मंही जात नसेल, तर नाकातून पोटात नळी घालायचा विचार लवकर करावा लागतो. नातेवाईक 'नळी' म्हटलं की घाबरतात, शेवट आला असं समजतात. तसं काही नाही. ती जेवणाची वाट आहे, आणि माणूस खायला लागला की काढून टाकतात.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला, रक्तदाब स्थिर झाला की, साधारण पहिल्या ४८ तासांत नळीतून अन्न सुरू करतात. आतड्याला काम मिळालं तर त्याचं अस्तर टिकतं. सुरुवात थोडीने होते. पहिल्या काही दिवसांत पूर्ण गरज भागवायची घाई करत नाहीत, कारण त्या वेळी शरीर स्वतःच साखर तयार करत असतं आणि वरून जास्त दिलं तर तेही त्रासाचंच. मग हळूहळू वाढवत नेतात. झोपेच्या प्रोपोफॉल या औषधात चरबी असते, त्याच्याही कॅलरी हिशेबात धराव्या लागतात. कोरोनात रुग्णाला तासन् तास पालथं ठेवत. तेव्हाही नळीतून अन्न चालू ठेवता येतं, फक्त पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी वर उचलतात. घरून मिक्सरमध्ये काढलेलं वरण-भाताचं पाणी नळीतून द्यायला आणू नका. नळी तुंबते, जंतू वाढतात आणि त्यात किती काय आहे हे कुणालाच कळत नाही.

आता एक धोका, जो फार थोड्या घरांना माहीत असतो. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर अन्न देणं जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी पोटभर जेवण मिळाल्यावर दगावल्याची नोंद आहे. का होतं असं? उपासात शरीर इन्सुलिन कमी ठेवून चरबीवर चालत असतं, आणि आतल्या क्षारांचा साठा संपत आलेला असतो. अचानक साखर, भात, गोड पेय आलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींच्या आत खेचून नेतं. रक्तात त्यांचा खडखडाट झाला की हृदयाचे ठोके बिघडतात, स्नायू ढिले पडतात, श्वास अडतो. बी-१ म्हणजे थायमिन कमी पडलं तर मेंदूवर परिणाम होतो. म्हणून पाच दिवसांहून जास्त काळ नगण्य खाल्लेल्या, खूप वजन उतरलेल्या किंवा दारूची सवय असलेल्या रुग्णाला आधी थायमिन देतात, अन्न थोडं थोडं वाढवतात आणि रक्तातले क्षार रोज तपासतात. घरच्यांनी एवढंच करायचं: 'शेवटचं नीट कधी जेवले होते' आणि 'दारू घ्यायचे का' या दोन प्रश्नांची खरी उत्तरं पहिल्याच दिवशी द्यायची. लाजेपोटी लपवलेली दारू इथे महागात पडते.

शुगरच्या रुग्णाला उपाशी ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. कोरोनात जून २०२० नंतर ऑक्सिजनवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊ लागले. त्याने जीव वाचले, पण शुगर वाढली. सकाळी दिलेल्या डोसचा परिणाम दुपार-संध्याकाळच्या शुगरवर जास्त दिसतो. आकडा तीनशे आला की घरचे सांगतात, "आई, आज काहीच खाऊ नकोस." त्याने शुगर पुरती आटोक्यात येत नाही आणि स्नायू मात्र जातात. तिथे इन्सुलिनचा डोस जुळवायचा असतो. साखर, रस, बिस्किटं कमी करायची. डाळ, अंडं, दही, पनीर चालू ठेवायचं. शुगर बेलगाम सोडली तर काय होतं, ते २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांनी दाखवून दिलं.

गोळ्यांचं थोडक्यात. व्हिटॅमिन सी आणि झिंकच्या मोठ्या डोसने कोरोना लवकर बरा होतो का, हे अमेरिकेत घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांवर तपासलं गेलं. २०२१ मध्ये आलेला निकाल 'नाही' असा होता. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये भरती रुग्णांना व्हिटॅमिन डीचा दोन लाख युनिटचा एकच डोस देऊन बघितला, त्याने दवाखान्यातला मुक्काम कमी झाला नाही. कमतरता असेल तर ती भरून काढायचीच. पण औषधाच्या दुकानातल्या महागड्या पाकिटांवर खर्च करून डब्यातलं अंडं कमी करू नये. काढा पिऊन पोट बिघडलेला रुग्ण जेवतही नाही. प्रोटीन पावडरच्या डब्यांचं म्हणाल तर लेबल वाचा, पुष्कळांत साखरच जास्त निघते.

जास्त दिलं म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. आयसीयूतल्या रुग्णांना नेहमीच्या जवळपास दुप्पट प्रथिनं देऊन झालेला अनेक देशांतला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फायदा दिसला नाही, आणि किडनी बिघडलेल्या रुग्णांना उलट अपाय होत असल्याची चिन्हं दिसली. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आलं की लगेच अंड्यांचा मारा करतात, त्यालाही फार अर्थ नाही. दाह वाढला की अल्ब्युमिन आपोआप उतरतं, त्यावरून खाणं कमी की जास्त हे ठरत नाही. साध्या वॉर्डातल्या रुग्णांचं मात्र चित्र स्पष्ट आहे. स्वित्झर्लंडमधल्या आठ दवाखान्यांत दोन हजारांवर रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी आहारतज्ज्ञाने गरज मोजून, तेवढं पोटात जाईल अशी व्यवस्था केली, त्यांच्यात महिन्याभरात सुमारे सात टक्के दगावले. नेहमीचं जेवण मिळालेल्यांत सुमारे दहा टक्के. शंभरातले तीन जीव, ते जेवणाकडे लक्ष देण्याने. हे वाचल्यापासून कुठल्याही वॉर्डात अर्धं भरलेलं ताट उचलताना बघितलं की मला स्वस्थ बसवत नाही.

नातेवाईक आत जाऊ शकत नसतील तेव्हाही त्यांच्या हातात बरंच असतं. फोन जेवणाच्या वेळी करा. "जेवलीस का" असं विचारून ठेवून देऊ नका. व्हिडिओ कॉल लावून ताट दाखवायला सांगा आणि ती खात असताना गप्पा मारा. एकटं जेवण आजारी माणसाला जात नाही. पूर्व भागातल्या पुष्कळ आजी-आजोबांची घरची बोली तेलुगू आहे. त्यांना 'पप्पू' म्हणजे वरण कळतं, वॉर्डातल्या गडबडीत मराठीतून विचारलेला प्रश्न अर्धाच कळतो. त्यांच्यासाठी काय आवडतं, काय चालत नाही, कवळी आहे का, हे एका चिठ्ठीवर मराठीत लिहून डब्याबरोबर पाठवा. भरतीच्या गडबडीत कवळी घरीच राहते आणि मग 'आजी काहीच खात नाहीत' असा निरोप येतो. चष्मा, कवळी, कानाचं मशीन या तीन वस्तू पिशवीत आहेत का ते निघतानाच बघा. दवाखाना बाहेरचा डबा घेत असेल तर थोडं, मऊ, ताजं द्या आणि झाकणावर नाव नि वेळ लिहा.

घरी सोडल्यावर काम संपत नाही. व्हेंटिलेटरची नळी घशात राहिलेल्या माणसाचं गिळणं काही दिवस बिघडलेलं असू शकतं. पाणी पिताना ठसका लागतो, आवाज घोगरा किंवा ओलसर येतो, घास तोंडात धरून ठेवतो. हे दिसलं तर पातळ पाणी देणं थांबवा आणि डॉक्टरांना गाठा, गिळण्याची तपासणी करून घ्या. बाकीच्यांनी प्रथिनं तिन्ही जेवणांत वाटून घ्यायची. रात्री एकदाच भरपूर डाळ खाऊन तेवढा उपयोग होत नाही. त्याबरोबर हालचाल हवीच, कारण नुसतं खाऊन वाढतं ते वजन, स्नायू वापरल्याशिवाय परत येत नाहीत. पहिल्या आठवड्यात खुर्चीतून हात न टेकता उठायचा सराव, मग अंगणात फेऱ्या, मग जिना. यंत्रमागावर उभं राहून काम करणाऱ्याने किंवा दिवसभर मांडी घालून विड्या वळणारीने लगेच पूर्ण दिवस धरू नये, हे मालकाला सांगायची वेळ आली तर घरच्यांनी सांगावं.

आणि डिस्चार्ज कार्ड हातात घेताना त्यावर वजन लिहिलंय का ते बघा. नसेल तर तिथल्या तिथे काट्यावर उभं करून लिहून घ्या. पंधरा दिवसांनी फेरतपासणीला जाल तेव्हा त्याच आकड्याशी ताडून बघता येईल, आणि वजन आणखी उतरलं असेल तर औषधांच्या यादीआधी त्याबद्दल बोला.